मामीची गावं आणि गुहेतलं शेवटचं दार

एखादी गोष्ट तुम्हाला आधी कळली, म्हणून ती तुमच्या मालकीची होते का?

मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तेव्हा मी पाचवीची परीक्षा देऊन लातूरला मामाकडे सुट्टीला आले होते, आणि तोवर हदगाव, मुदखेड आणि धर्माबाद माझ्या हातून गेलेली होती.

आधी माझ्याबद्दल सांगते. आमचं घर नांदेडचं. वडील शिक्षक, पण खरं म्हणजे पत्रकांचा माणूस. शिक्षकांच्या प्रश्नावर पत्रक, भानामतीच्या विरोधात पत्रक, नळाला पाणी येत नाही म्हणून पत्रक. घरात दिवाणाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या पायाशी पत्रकांचे गठ्ठे असायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गृहपाठ करायचे. अननसाचा अ मला शाळेत भेटला, अन्यायाचा अ त्याच्या आधी घरीच भेटलेला होता. त्यामुळं जेवताना वाढण्यात डावंउजवं झालं तरी मी 'जाहीर निषेध' म्हणायचे, आणि आई म्हणायची, "निषेध झाला असंल तर ताट उचल."

लातूरला मात्र वेगळं राज्य होतं. तिथं मामी होती.

मामानं दादासाठी, म्हणजे माझ्या मामेभावासाठी, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. राखाडी रंगाचा डबा, वायरवाले दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. चित्र आलं नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. दादा महिनाभर खेळला आणि क्रिकेटकडं वळला. मग दुपारी सगळे बाहेर गेले की मामी खेळायला लागली. कॅसेटमध्ये बरेच खेळ होते, पण मामीनं एकच धरला. एक टोपडं घातलेला माणूस डोंगराच्या पोटात शिरतो आणि एकेक गुहा पार करत खाली खाली जातो. त्याचं इंग्रजी नाव आम्हाला कुणालाच धड वाचता आलं नाही. घरात त्याला 'गुहेचा गेम' म्हणत.

ज्यांनी असले जुने खेळ खेळले नसतील त्यांना सांगते, त्यात दिसतं ते निम्मंच असतं. बनवणाऱ्यांनी अर्धा खेळ लपवून ठेवलेला असतो. भिंत दिसते पण ती भिंत नसते, माणूस आरपार जातो. खड्डा दिसतो, त्यात पडलं की मरण ठरलेलं वाटतं, पण एका विशिष्ट खड्ड्यात मुद्दाम उडी घेतली की खाली हंडाभर मोहरा. नागाच्या वारुळावर न हलता उभं राहिलं की वरून शिडी खाली येते. हे कुठं लिहिलेलं नसतं. ज्याला सापडलं त्याला सापडलं.

मामीला सगळं सापडायचं. बाजारात नारळ वाजवून घ्यावा तशी ती गुहेतली प्रत्येक भिंत वाजवायची. माणसाला भिंतीवर धडकवत न्यायचं आणि आवाज ऐकायचा. पोकळ भिंतीचा आवाज किंचित बारीक येतो, असं तिचं म्हणणं. तो ऐकू यावा म्हणून ती लातूरच्या मे महिन्यात पंखा बंद करायची. आम्ही घामानं निथळत बसायचो आणि ती म्हणायची, "गप. भिंत बोलायलीय."

आणि हे सगळं एका बैठकीत करावं लागे. त्या खेळात मधेच थांबून उद्या तिथूनच पुढं जायची सोय नव्हती. लाईट गेली की माणूस पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी. लाईट तर जायचीच. म्हणून मामीचा दिवस भारनियमनाच्या वेळा धरून चालायचा. लाईट आली की भाजी अर्धी चिरलेली तशीच ठेवून ती रिमोट घ्यायची.

आता गावांची गोष्ट. मामीचं माहेर देगलूरचं. देगलूर-उदगीरकडं कोडी, म्हणजे त्यांच्या भाषेत हुमानं, घालायची एक रीत होती. कोडं सुटलं नाही तर हरलेल्यानं एक गाव द्यायचं. म्हणजे तोंडानं द्यायचं, पण दिलं म्हणजे दिलं. मग जिंकणारा त्या गावाच्या नावानं हवं तेवढं चिडवणार आणि शेवटी उत्तर सांगणार. मामीनं ही रीत गुहेला लावली होती. मी कुठं अडले, की ती उशीला टेकून म्हणायची, "सांगू का? गाव दे."

"हदगाव."

"हदगाव माझं. हदगावचा कापूस माझा, सोयाबीन माझं. भाचीबाई, तू आता माझ्या हदगावात म्हशी राखायच्या. जा, त्या पाण्याच्या धारेच्या मागं भिंत न्हाई."

मुदखेड घेतलं तेव्हा तर तिचा आवाजच बदलला. "जंक्शन आलं हो आपल्याकडं! आता मी हिरवी झेंडी दाखवल्याबिगर तुझ्या बापाची गाडी हलायची न्हाई." धर्माबाद घेतल्यावर रात्रीच्या आमटीत तिखट जास्त पडलं, आणि ती म्हणाली, "माझ्याच गावची मिरची हाय, मी कितीबी टाकीन." लोहा, कंधार, भोकर गेलं. दादानं तर औसा, निलंगा, उदगीर केव्हाच घालवलेलं होतं. अर्धा मराठवाडा मामीच्या पदरात बांधलेला होता.

तिला स्वतःला एकच गोष्ट सापडत नव्हती. शेवटच्या गुहेतलं दार. तिथं एक मोठी खोली होती. समोर बंद दार, दोन्ही बाजूंना मशाली, मधोमध जमिनीवर उघडं पडलेलं एक जाडजूड पुस्तक. बाकी काही नाही. मामीनं त्या खोलीतली भिंतन्‌भिंत वाजवली होती. मशालींना उड्या मारून झाल्या होत्या. पुस्तकासमोर उभं राहून खालचं बटण दाबलं की टोपडेवाला गुडघ्यावर बसायचा. मामी म्हणायची, "बघ, नमस्कार करतो. चांगल्या घरचा हाय." पण दार काही उघडेना.

आणि वेळ संपत आला होता. दादाची दहावी झाली होती. जूनपासून तो अकरावी सायन्सला जाणार होता, आणि लातुरात ज्या घरातलं मूल अकरावी-बारावीला जातं त्या घरातला टीव्ही बंद होतो. कुठं केबल तोडतात, कुठं टीव्ही पोत्यात घालून माळ्यावर टाकतात. आमच्या मामानं त्याहून पुढचा निर्णय घेतला. टीव्ही आणि गेम दोन्ही दोन वर्षांसाठी नांदेडला, आमच्या घरी. आमच्याकडं टीव्ही नव्हताच.

मामा हे जेवताना म्हणाला. दादानं मान हलवली. मी मनातल्या मनात नाचले. मामी भाकरी थापत होती, ती थांबली नाही, फक्त म्हणाली, "शेवटचं दार राहिलंय माझं."

मामा म्हणाला, "कसलं दार?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी तो गेम दादाचा होता.

त्याच आठवड्यात मी गुहेतल्या एका खोलीत अडकले. मी मामीच्या उशीपाशी गेले. "मामी, सांग ना."

"गाव दे."

"बिलोली."

"दिलंय मागंच."

"किनवट."

"तेबी. आता तुझ्याकडं एकच राहिलंय." ती हसली. "नांदेड दे."

नांदेड? आमचं घर, शाळा, नदी, वडिलांची पत्रकं, सगळं? म्हणजे मी माझ्याच घरात मामीचं कूळ होणार? माझ्या डोक्यात वडिलांनी जमीनदारीवर लिहिलेलं सगळं एकदम पेटलं. ज्याला आधी कळलं तो जहागीरदार, आणि बाकीच्यांनी गावं देत बसायचं? मी म्हणाले, "नांदेड देणार नाही. हा अन्याय आहे."

"मग बस भिंतीला डोकं लावून," मामी म्हणाली आणि पोहे भिजवायला गेली.

मी पत्रक काढलं. नांदेडहून गृहपाठासाठी आणलेल्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, लाल स्केचपेननं. मथळा होता, 'गुहेतल्या जहागिरीचा जाहीर निषेध!' खाली मला माहीत असलेली सगळी गुपितं: पाण्यामागची भिंत, वारूळ, मोहरांचा खड्डा. त्याखाली, 'खेळेल त्याचं गुपित! शेवटच्या दाराबद्दल ज्या नागरिकांना माहिती असेल त्यांनी ती जनतेला विनामूल्य द्यावी.' आणि मामाच्या घराकडं दाखवणारा बाण. कणकेची खळ करून मी ते कॉलनीच्या बोअरच्या खोलीवर चिकटवलं, कारण तिथं सगळेच पाण्याला येतात.

संध्याकाळी मामी घागर घेऊन गेली आणि तिनं ते वाचलं. चार बायका शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं आता फाडणार. तिनं शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडं वळली.

"वारुळावर तोंड उजवीकडं करून उभं राहावं लागतं. ते लिहिलंच न्हाईस. लोकं उगंच मरतील ना."

मग घरी येऊन मात्र तिचा पट्टा सुटला. "माझं राज्य बुडवलंस गं! इतकी वर्षं भिंती वाजवल्या, ते तू खळ लावून गावाला वाटून टाकलंस? पत्रकवाल्याची पोरगी कुठली!"

"वडिलांना मध्ये आणायचं नाही."

"तुझा बाप माझा नंदावा हाय, मी आणीन न्हाईतर न्हाई आणीन."

दुसऱ्या दिवशीपासून घरात पोरांची जत्रा. जो तो आपल्या घरचा गेम असल्यासारखा सल्ला देत होता. एकालाही शेवटचं दार ठाऊक नव्हतं. मामी सगळ्यांना पाणी पाजत होती आणि मला ऐकू जाईल असं म्हणत होती, "जनता आली हो, जनता. जनतेला ताक देऊ का?"

पण पत्रकानं आपलं काम केलं. मामा टीव्ही बांधणार होता त्याच्या आदल्या दुपारी मागच्या गल्लीतली नवी सून विरजण मागायला आली. लग्नाला वर्षही झालं नसेल, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. मामीनं वाटीत विरजण दिलं. ती उभीच राहिली. टीव्हीवर तीच शेवटची खोली चालू होती.

"काकू," ती म्हणाली, "त्या बोअरच्या भिंतीवरचं वाचलं. आमच्याकडं उदगीरला भावाचा हाच गेम होता. मला ते दार म्हाईत हाय."

मामी म्हणाली, "सांग की मग, बाई."

सून पदराआड हसली. "गाव द्या."

मी आणि दादानं एकमेकांकडं पाहिलं. मामीकडं कुणी गाव मागताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आणि मागत होती ती उदगीरची, म्हणजे दादानं कधीच मामीला देऊन टाकलेल्या गावची!

"हदगाव घे," मामी म्हणाली.

"जिंकलेलं न्हाई चालत, काकू. सोताचं द्या."

मामीनं माझ्याकडं पाहिलं, जणू हे सगळं माझ्यामुळं झालं होतं. झालं होतंच. मग ती पडद्यावरच्या बंद दाराकडं वळली. शेवटी म्हणाली, "देगलूर."

"आईबापासकट?" सुनेनं विचारलं.

"आईबाप राहू दे. आंब्याची झाडं घे."

"घेतलं," सून म्हणाली. "आता तुमच्या देगलुरात तुम्ही पाव्हण्या. आंबा खायचा तर मला इचारायचा." मग वाटी कमरेवर टेकवून ती म्हणाली, "उत्तर न्हाई सांगत, हुमान घालते. आपण जे कपाळाला लावतो, ते गुहेतला मानूस पायाखाली घेतो. काय?"

आणि ती विरजण घेऊन गेली.

मामीला त्याच क्षणी कळलं. मलाही. दादालाही.

पुस्तक.

इतकी वर्षं मामी त्या पुस्तकावरून उडी मारून पलीकडं जात होती. दादाही. आणि मी, भानामतीविरुद्धची पत्रकं तोंडपाठ असलेली मी, तीसुद्धा. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बोटंच आपोआप उडीच्या बटणावर जायची. आमच्या घरात देव नव्हता, पण माझ्या वडिलांचा पाय चुकून पत्रकाला लागला तर त्यांचा हात छातीकडं जायचा. ज्या लोकांनी हा गेम बनवला त्यांच्या देशात पुस्तक म्हणजे पायरी असेल. त्यांनी अगदी समोर, खोलीच्या मधोमध दार उघडायची कळ ठेवली होती. लपवण्याची गरजच नव्हती. आमच्यासाठी ती याहून चांगल्या जागी लपवताच आली नसती.

"न्हाई," मामी म्हणाली. "सरस्वती हाय ती."

"मामी, ते चित्र आहे," मी म्हणाले. "ठिपके आहेत नुसते."

"मग तू दे पाय." तिनं रिमोट माझ्या हातात कोंबला.

मी रिमोट धरला. पुस्तकाजवळ गेले. आणि उडी मारून पलीकडं गेले. दादा इतका हसला की दिवाणावरून घसरला. मी पुन्हा प्रयत्न करणार तेवढ्यात लाईट गेली आणि टोपडेवाला डोंगराच्या पायथ्याशी गेला.

दुसऱ्या दिवशी लाईट आल्या आल्या मामीनं सुरुवात केली. पंखा बंद, दार लोटलेलं. भिंती, वारूळ, खड्डा, सगळं ती डोळे मिटून करावं तसं करत गेली. मध्येच गल्लीत आरोळी उठली, "नळ आले!" लातुरात नळाला पाणी आलं की माणूस सगळं टाकून पळतो. मामीनं गेम थांबवला, पडद्यावर टॉवेल टाकला, आणि आम्ही तिघांनी पिंप, घागरी, कळशा, पातेली, शेवटी पोळ्यांचा डबासुद्धा भरून घेतला. परत येऊन टॉवेल काढला. माणूस होता तिथंच, मशालीच्या उजेडात उभा.

तेवढ्यात मामा आला. काखेत जुनी चादर, हातात सुतळीचं बंडल.

"चला, आवरा. संध्याकाळच्या गाडीनं न्यायचंय."

"थांबा हो जरा," मामी म्हणाली. मान न वळवता.

"अगं पण..."

"थांबा म्हणलं ना."

मामा थांबला. बहुतेक त्या आवाजात त्याला कधी कुणी थांबवलं नव्हतं. टोपडेवाला पुस्तकापाशी आला. मामीनं रिमोट मांडीवर ठेवला, पुढं सरकली, टीव्हीच्या काचेवर जिथं पुस्तक होतं तिथं बोटं टेकवली आणि ती कपाळाला लावली. मग मागं येऊन तिनं उडी मारली. बरोबर पुस्तकाच्या मधोमध.

"अगं, अगं! पुस्तकावर पाय काय देतेस!" मामा ओरडला.

मामीनं खालचं बटण दाबलं. माणूस पुस्तकावर गुडघे टेकून बसला. पुस्तक हळूहळू जमिनीत दबलं, आणि दार वर सरकलं.

आम्ही तिघं किंचाळलो. मामा चादरीच्या गठ्ठ्यावरच बसला. "काय झालं? काय झालं? आत काय आहे?"

आत एक नदी होती. काठाला होडी. माणूस होडीत बसला, होडी निघाली, सूर्य मावळला, आणि इंग्रजीत भराभर नावं येऊन गेली. मग पडदा काळा झाला आणि पुन्हा डोंगराचा पायथा आला. पण या वेळी डोंगर निळा होता आणि वटवाघळं दुप्पट वेगानं उडत होती.

"परत पहिल्यापासून?" मामी म्हणाली. तिला इतकं खूश मी नंतर दादाच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नाही.

मामा हळूच म्हणाला, "या निळ्यातबी दारं असतील का गं?"

"गाव द्या, सांगते."

टीव्ही त्याच संध्याकाळी बांधला गेला. मामाच्या आणि माझ्या मधल्या सीटवर बसून नांदेडला आला. मामी त्याला निरोप द्यायला स्टँडवर आली होती. माझी गावं मी परत मागितली, तर सगळी दिली. मुदखेड ठेवलं. "जंक्शन कोण सोडतं?" म्हणाली.

पुढची दोन वर्षं मामीला आपल्या नणंदेची फार आठवण यायची. पंधरा दिवस झाले की एसटीनं ती आमच्या दारात. आईला मिठी, वडिलांना नमस्कार, आणि चहा होईपर्यंत हातात रिमोट. निळ्या डोंगरातली पुस्तकाची खोली तिनं आमच्या घरी पार केली. दादाचं सगळं ठीक झालं. तो आता नोकरीला आहे आणि सांगतो की त्या दोन वर्षांत टीव्ही बंद होता, पण गणिताच्या पुस्तकात मोबाईल चालू होता.

आता असल्या जुन्या खेळांची सगळी गुपितं मोबाईलवर मिळतात. कुणीतरी अख्खी गुहा खेळून दाखवतं, पुस्तकावर पाय कुठं द्यायचा ते बाण काढून सांगतं. अकराव्या वर्षी मी काढलेल्या पत्रकाची ही पूर्ण जीत आहे आणि मी ते मागं घेणार नाही. गुपित लोकांचंच. पण त्या सुनेनं जे केलं ते मला अजून जास्त पटतं. तिनं माहिती लपवली नाही आणि मामीचं दार मामीच्या हातून हिसकावूनही घेतलं नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मुलाची परीक्षा आणि खेळ आईचा बंद, हे कुठल्या न्यायात बसतं? एका बाईनं आपला खेळ पुरा करण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात एसटीनं का जावं? त्या घरात कुणी वाईट नव्हतं. मामा तर फार चांगला माणूस. त्याला फक्त कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. यंदा तुमच्या घरातलं कुणी अकरावीला जाणार असेल, तर केबल तोडण्याआधी, टीव्ही बांधण्याआधी, त्याच्या आईला एकटीला गाठा आणि विचारा, तुझं काय अर्धं राहिलंय? मालिका असेल, गाण्याची स्पर्धा असेल, नाहीतर एखादी गुहा. ती पहिल्यांदा 'काही नाही' म्हणेल. तरी उठू नका, पुन्हा विचारा. आणि ते पुरं होईपर्यंत चादर कपाटातच राहू द्या.